मांडीवरचा प्रवासी : मुंबई विमानतळ ते धुळे, एका कार सीटचा इतिहास

१/ मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पहाटेचे विमान उतरले की सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर बॅगांच्या गर्दीतून अधूनमधून एक बोजड, वेड्यावाकड्या आकाराची, काळ्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू येते. ती बॅग नसते, खोकाही नसतो. ती असते लहान मुलाला मोटारीत बांधून बसवण्याची कार सीट. समुद्र ओलांडून आलेल्या या आसनाचे पुढे काय होते? आजचा थ्रेड त्यावर.

२/ माझी मावसबहीण दीड वर्षाच्या मुलीला घेऊन अमेरिकेहून आली, तेव्हा मावशीसोबत मीही तिला आणायला मुंबईला गेलो होतो. ते काळे गाठोडे पाहून मावशीने अहिराणीत विचारले, “हाई काय शे?” ताईने समजावले. पण भाड्याच्या गाडीत मागच्या आसनाचे पट्टे कव्हरखाली गडप झालेले. चालक म्हणाला, “ताई, मागे पट्टा कोणी लावतच नाही.” सीट डिकीत गेली. नात आजीच्या मांडीवर आली.

३/ कसारा घाट, राहूड घाट, मालेगाव असे करत सव्वातीनशे किलोमीटर आम्ही आलो. लळिंगचा किल्ला दिसला तेव्हा मूल मावशीच्या कुशीत गाढ झोपले होते. वाटेत काहीही झाले नाही. पण जी वस्तू ताईने तीन विमानतळांवर खांद्यावर वाहिली, ती नेमकी जिथे हवी होती तिथे सामान ठरली. हे असे का घडते, याचे उत्तर इतिहासात आहे.

४/ आधी मांडीची बाजू ऐकू. खानदेशात अखाजीला लेक माहेरी निघे ती बैलगाडीने. गाडीत कडबा, त्यावर गोधडी, आणि मांडीवर लेकरू. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच. चाक खड्ड्यात गेले तर हिसका बसे, आईचा हात आपोआप घट्ट होई आणि तेवढे पुरेसे असे. त्या वेगाला मांडी हेच उत्तम आसन होते. आपल्या आजी-पणजींचा मांडीवरचा विश्वास अनुभवातून आलेला आहे, हे विसरू नये.

५/ मग रेल्वे आली. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला आणि धुळे मुख्य लोहमार्गाशी जोडले गेले. वेग वाढला, पण आगगाडी रुळांवरून धावते आणि सहसा हळूहळू थांबते. त्यामुळे मूल कसे बसवावे, हा प्रश्न रेल्वेला फारसा पडला नाही. तिला पडला तो भाड्याचा प्रश्न : पाच वर्षांखालील मूल फुकट, पाच ते बारा वर्षांचे अर्धे तिकीट.

६/ या अर्ध्या तिकिटावर १९६२ साली एक पूर्ण चित्रपट निघाला, ‘हाफ टिकट’. पूर्ण भाड्याचे पैसे नसलेला नायक लहान मुलाचा वेश करून गाडीत बसतो. नायक किशोरकुमार, जन्म खांडव्याचा. भुसावळहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला लागणारे ते स्टेशन. प्रेक्षक पोट धरून हसले. मूल म्हणजे कमी पैशांत, कमी जागेत मावणारा अर्धा प्रवासी, ही कल्पना सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली होती.

७/ १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे लाल गाडी खेडोपाडी पोहोचली. तिनेही रेल्वेचीच रीत चालवली : मुलाला सवलत दिली, पण वेगळी जागा दिली नाही. लहानग्याची जागा मांडीवरच राहिली. बदलला तो रस्ता. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा, असे तीन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. धुळेकरांच्या अंगणातून वेग वाहू लागला.

८/ वेगाचे गणित पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून सुमारे ६० सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला सुमारे १६० किलो ओझे पेलण्याइतके बळ लागते. खानदेशी माणसाला हे सहज कळेल. जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी कापसाची गाठ १७० किलोची असते. ती गाठ दोन हातांत कोणती आई झेलेल? माया कितीही असो, हात तेच आहेत.

९/ गंमत अशी, की पहिल्या कार सीट सुरक्षेसाठी नव्हत्याच. १९३० च्या दशकात अमेरिकेत आलेली ही आसने मुलाला उंच बसवत. हेतू एवढाच, की मुलाला खिडकीबाहेर दिसावे, आईवडिलांना मूल दिसावे आणि त्याने गाडीभर धुडगूस घालू नये. पुढे काही आसनांना खेळण्यातले स्टिअरिंगही आले. अपघातात ती मुलाला वाचवतील, असे तेव्हा कोणी म्हणतही नव्हते.

१०/ विचार बदलला तो १९६० च्या दशकात. इकडे ‘हाफ टिकट’ लागला त्याच १९६२ साली ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लिओनार्ड रिव्हकिन यांनी मुलाला अपघातात धरून ठेवणारी आसने पुढे आणली. १९६४ मध्ये स्वीडनचे डॉ. बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड करून बसायचे आसन तयार केले. प्रेरणा अंतराळवीरांची : उड्डाणाचा जोर ते संपूर्ण पाठीवर घेतात. बाळाची मान नाजूक असते. म्हणून धक्का पाठीने घ्यावा, हे तत्त्व आजही टिकून आहे.

११/ कायदा मात्र रेंगाळत आला. अमेरिकेने १९७१ मध्ये कार सीटसाठी पहिले मानक केले, पण त्यात प्रत्यक्ष धडकेची चाचणी नव्हती. ती यायला १९८१ उजाडले. मुलांना अशा सीटमध्ये बसवणे बंधनकारक करणारे पहिले राज्य टेनेसी. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांच्या पाठपुराव्यामुळे १९७८ पासून तो कायदा लागू झाला.

१२/ आता याच कायद्यातली मेख पाहा. विधिमंडळाने त्यात एक सूट घातली : मूल मोठ्या माणसाने कडेवर-मांडीवर धरलेले असेल तर सीट नसली तरी चालेल! म्हणजे जी सवय मोडायची, तिलाच कायद्याचे कवच. विरोधकांनी या सुटीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव दिले, कारण धडकेत मोठ्या माणसाचे वजन मुलावरच येते. १९८१ मध्ये ती सूट काढली गेली. मांडीवरचा विश्वास फक्त आपल्याकडेच होता असे नाही, तो जगभर होता.

१३/ आता मोटारीतून विमानात चढू, कारण मांडीचा हक्क तिथे आजही शाबूत आहे. दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही. ते मोठ्यांच्या मांडीवर प्रवास करते. १९५० च्या दशकातील ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीच्या छायाचित्रांत तर प्रवाशांच्या डोक्यावर, सामानाच्या फळीपाशी टांगलेले छोटे पाळणे दिसतात. आपल्या आढ्याला बांधलेल्या झोळीची आठवण यावी असे!

१४/ १९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटाकडील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची यंत्रणाच निकामी झाली. आत २९६ माणसे होती. त्यांतली चार मुले मांडीवरची. विमान सू सिटीला उतरवताना कोसळणार हे स्पष्ट होते. तेव्हाच्या पद्धतीनुसार आईवडिलांना सांगण्यात आले : बाळांना उशा-ब्लँकेट गुंडाळून पायांपाशी जमिनीवर ठेवा.

१५/ अपघातात ११२ जणांचा मृत्यू झाला, १८४ जण वाचले. मांडीवरच्या चारांपैकी एक मूल दगावले. मुलाच्या शोधात जळत्या विमानाकडे परत निघालेल्या आईला ज्यांनी अडवले त्या मुख्य परिचारिका जॅन ब्राउन. बाळाला जमिनीवर ठेवण्याची सूचना त्यांनीच दिली होती. पुढे अनेक वर्षे त्या एकच मागणी मांडत राहिल्या : विमानात प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन आणि स्वतःचा पट्टा हवा.

१६/ मागणी साधी वाटते. पण २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सक्तीला नकार दिला. त्यांचा युक्तिवाद असा : सक्ती झाली तर बाळाचेही तिकीट काढावे लागेल. खर्च झेपणार नाही अशी काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने निघतील. रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा. म्हणजे आकाशात एखादा जीव वाचवताना रस्त्यावर त्याहून अधिक जीव जातील. अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाला हा युक्तिवाद पटला नाही. वाद आजही मिटलेला नाही.

१७/ सक्ती असावी की नसावी, यावर मतभेद असू शकतात. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट आहे : विमानप्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा म्हणजे विमानतळापर्यंतचा आणि विमानतळापासून पुढचा रस्ता. धुळ्याला हे दुप्पट लागू पडते. गोंदूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. जळगावहून डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली मुंबईसाठी विमान सुटले, तरी परदेशातून येणाऱ्या बहुतेक खानदेशी कुटुंबांचा शेवटचा टप्पा महामार्गाचाच असतो.

१८/ त्या महामार्गाचे वास्तव? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या आसनावरच्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे तपासात पुढे आले. ‘मागे कोण पट्टा लावतो?’ हा प्रश्न त्यानंतर काही आठवडे सर्वांनी गंभीरपणे घेतला. काही आठवडेच.

१९/ कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ब सांगते : चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. २०२२ च्या नियमांनी दुचाकीवरच्या चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी चालकाला जोडणारा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली. रेल्वेनेही मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडलेला छोटा बेबी बर्थ प्रयोग म्हणून बसवला. अर्ध्या तिकिटाचे मूल हळूहळू पूर्ण प्रवासी होऊ लागले आहे.

२०/ मग विमानतळावर ही सीट न्यायची कशी? मार्ग तीन. मुलाचे तिकीट काढले असेल आणि सीटवर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचा छाप असेल, तर ती थेट विमानातल्या आसनावर बांधता येते. रुंदी मात्र आधी मोजावी. दुसरा, दारापर्यंत वापरून तिथे कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवणे. तिसरा, सामानात देणे. यात आदळआपट सर्वाधिक, म्हणून जाड पिशवी किंवा मूळ खोके हवे. उतरल्यावर तडा गेला आहे का ते पाहावे. तडा गेलेली सीट धडकेत दगा देते.

२१/ आणि या तिन्हींहून महत्त्वाचे काम विमान सुटण्याच्या आधीचे आहे. धुळ्याहून गाडी ठरवताना एक वाक्य जास्त बोलायचे : “मागचे पट्टे कव्हरच्या वर काढून ठेवा, मुलाची सीट बांधायची आहे.” आम्ही ते बोललो नव्हतो. परतीच्या वेळी बोललो. चालकाने आदल्या संध्याकाळी कव्हर उसवून पट्टे वर काढले. मावशी शेजारी बसली आणि मुंबईपर्यंत नातीचा हात हातात धरून होती.

२२/ शेवटी एक विनंती. आपल्या घरच्या जुन्या अल्बममध्ये प्रवासाची छायाचित्रे शोधा. बैलगाडी, एसटी, बजाजची स्कूटर, पहिली मोटार, पहिले विमान. प्रत्येक छायाचित्रात लहान मूल कुठे आहे ते पाहा : मांडीवर, टाकीवर, दोघांच्या मध्ये, की स्वतःच्या जागी? साल आणि गाव लिहून खाली सांगा. आपल्याकडे मूल प्रवासी कधी झाले, याचा पुरावा दप्तरखान्यात कमी आणि आपल्या कपाटांत जास्त आहे.