घरोघरी नवजात बालसेवा

जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत बाळाला त्याच्या घरीच, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीकडून मिळणारी सेवा. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ (स्थापना 1986) या संस्थेने ती गडचिरोली जिल्ह्यात उभी केली. त्या काळी तेथील बहुतेक बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून होत. दवाखाना गाठणाऱ्यांसाठीच आखलेली व्यवस्था त्या बाळांच्या वाट्याला येतच नव्हती. 1995–98 मध्ये 39 गावांत सेवा दिली गेली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली गेली. या प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, आईला स्तनपानात मदत करीत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो 60 च्या आसपासच राहिला. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देणे धोक्याचे, हा मुख्य आक्षेप. तो गैर नाही. पण तेथे पर्याय डॉक्टरचा नव्हता, विनाउपचार मृत्यूचा होता, आणि तुलनेच्या गावांचे आकडे तेच सांगतात. गावांची निवड यदृच्छेने झाली नव्हती, ही मर्यादा मात्र मान्य करावी लागते. दुसरा आक्षेप धोरणाच्या बाजूने येतो: जननी सुरक्षा योजनेनंतर (2005) प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या, मग घरभेटी कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2005–06 मधील सुमारे 39 टक्क्यांवरून 2019–21 मध्ये सुमारे 89 टक्क्यांवर गेले, ही मोठीच कमाई. तरी बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि बाळाच्या जिवाला धोका असलेले उरलेले दिवस घरातच जातात. प्रसूती कोठे झाली एवढेच मोजणारे धोरण हे दिवस नजरेआड करते. व्याप्तीचे खरे माप सेवा बाळापर्यंत पोचली की नाही, हेच असायला हवे.

केंद्र शासनाने 2011 मध्ये ही सेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा आणि घरच्या प्रसूतीनंतर सात भेटी, 42 व्या दिवसापर्यंत, आणि त्या पूर्ण केल्यावर 250 रुपये असा मोबदला ठरला. इंजेक्शनचे काम मात्र आशांकडे आले नाही. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते परिचारिकांकडे (एएनएम) सोपवले. गडचिरोलीत मृत्युदर घटला तो संपूर्ण सेवेमुळे. त्यातला इंजेक्शनचा भाग वगळून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा धरता येत नाही.