कमांडो प्रशिक्षणोत्तर विशेषज्ञता

कमांडो अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केलेल्या सैनिकाने वा अधिकाऱ्याने त्यापुढील सेवाकाळासाठी स्वीकारलेले विशेष कार्यक्षेत्र. कमांडो प्रशिक्षण ही स्वतंत्र शाखा नसून ती एक पात्रता आहे, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. पायदळ, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स किंवा आर्मी ऑर्डनन्स कोअर (शस्त्रे, दारूगोळा व इतर सामग्रीचा पुरवठा करणारी सेवा) यांपैकी कोणत्या शाखेत अधिकारी जाणार, हे सैन्याधिकारपद मिळतानाच गुणवत्ता, पसंती आणि रिक्त जागा यांवर ठरते. कमांडो अभ्यासक्रमामुळे ती शाखा बदलत नाही, मात्र तिच्या आत आणि क्वचित तिच्याबाहेरही नव्या कामाची दारे त्यामुळे उघडतात.

भारतीय भूसेनेत या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र बेळगाव येथे आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल केंद्रही त्याच शहरात असल्याने मराठी सैनिकी कुटुंबांना हे नाव घरच्यासारखे परिचित आहे. येथून बाहेर पडणारे बहुतेक जण आपापल्या पलटणीत परततात आणि तिच्या ‘घातक’ तुकडीत, म्हणजे शत्रूच्या ठाण्यावर मुख्य हल्ल्याआधी अचानक घाव घालण्यासाठी राखलेल्या सुमारे वीस जणांच्या गटात, काम करतात. या तुकड्यांना हे नाव जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी दिले. ज्यांना याहून खोलवर जायचे असते, ते पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलांसाठी स्वेच्छेने नाव देतात आणि तेथील कठोर परिवीक्षाकाळात पुन्हा पारखले जातात. या दलांशीही मराठ्यांचा जुना संबंध आहे : 21 पॅरा (विशेष दल) ही पलटण पूर्वी मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकविसावी पलटण होती. तिचे अधिकारी कर्नल संतोष महाडिक हे सातारा जिल्ह्यातील होते व साताऱ्याच्या सैनिकी शाळेत शिकले होते. 2015 च्या नोव्हेंबरात कुपवाडा भागात ते हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी 2017 मध्ये सैन्याधिकारपद मिळवून आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये प्रवेश केला.

विशेष दलाच्या छोट्या चमूत प्रत्येकाने एक कसब मुख्य म्हणून आणि आणखी एखादे जोडीचे म्हणून आत्मसात करावे, अशी पद्धत असते, कारण शत्रूच्या प्रदेशात एक माणूस जायबंदी झाला तरी त्याचे काम थांबून चालत नाही. शस्त्रे, संदेशवहन, दिशाशोधन, रणभूमीवरील प्रथमोपचार आणि स्फोटकांचा वापर ही त्यांतील मुख्य क्षेत्रे होत. निवडीत सैनिकाची आवड विचारात घेतली जाते, तथापि चमूतील उणीव आणि प्रशिक्षकांनी परिवीक्षाकाळात नोंदवलेला स्वभाव यांचे पारडे सहसा जड ठरते. रक्तस्राव थांबवताना ज्याचा हात कापत नाही तो उपचारक होतो, आणि थकलेल्या अवस्थेतही ज्याची आकडेमोड चुकत नाही तो स्फोटकांकडे वळवला जातो. पूल वा बुरूज पाडण्यासाठी किती स्फोटक कोठे लावायचे, सुरक्षा-वात किती लांब ठेवायची आणि स्फोट न झाल्यास किती वेळ थांबून जवळ जायचे, हे या विद्येचे गाभ्याचे प्रश्न आहेत. इंजिनिअर्स शाखेतून आलेल्या जवानाला यात स्वाभाविक आघाडी मिळते. त्या शाखेतील बॉम्बे सॅपर्स या गटाचे केंद्र पुण्याजवळ खडकीला, तर तिचे महाविद्यालय शेजारी दापोडीला आहे.

स्फोटकांच्या विशेषज्ञतेची दुसरी, कमी परिचित बाजू वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे दिसते. वर्धा नदीकाठच्या, मुंबई–नागपूर लोहमार्गावरील या गावालगत सुमारे 7,000 एकरांवर पसरलेले केंद्रीय दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक असून परिसरातील लोक त्याला केवळ ‘डेपो’ म्हणतात. कमांडो स्फोटक वापरतो, तर येथील आर्मी ऑर्डनन्स कोअरचा दारूगोळा-तंत्र अधिकारी ते वर्षानुवर्षे निर्धोक राखतो. या अधिकाऱ्यांना जबलपूरच्या सामग्री व्यवस्थापन महाविद्यालयात शिक्षण दिले जाते. डेटोनेटर (स्फोट पेटवणारा घटक) मुख्य स्फोटकापासून वेगळे ठेवणे, दोन कोठारांत ठरावीक अंतर व मातीचे बांध राखणे, प्रत्येक उत्पादन-गटाचे नमुने काढून तपासणे आणि मुदत संपलेला माल नष्ट करणे ही त्यांची मुख्य कामे होत. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा उष्णतेत सुरुंगात भरलेल्या अशुद्ध टीएनटी या स्फोटकामधून तेलकट द्रव पाझरू लागतो आणि असा सुरुंग हाताळणे धोक्याचे होते, म्हणून येथे तपासणीची चिकाटी धाडसाइतकीच मोलाची मानावी लागते. धाडसी तरुणांना ही शाखा दुय्यम वाटते, पण हा समज पुलगावच्या अलीकडच्या इतिहासापुढे टिकत नाही.

31 मे 2016 च्या पहाटेपूर्वी भांडारातील एका कोठारात सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांना आग लागून स्फोट झाले. त्यांत दोन अधिकाऱ्यांसह 16 हून अधिक जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुतेक जण आग विझवण्यासाठी पुढे गेलेले होते. 20 नोव्हेंबर 2018 रोजी सोनेगाव शिवारातील विनाश-मैदानावर, जेथे निकामी दारूगोळा खड्ड्यांत पुरून उडवला जातो, माल उतरवला जात असताना स्फोट होऊन 6 जण दगावले. त्यांत जवळच्या गावांतील मजूरही होते. ज्यांनी सैनिकी शिक्षण कधीच घेतले नव्हते अशा माणसांवर तज्ज्ञांच्या कामाचा शेवटचा भार पडतो, ही या क्षेत्राची गंभीर उणीव म्हणावी लागेल.

अशा भांडारांचा पहारा डिफेन्स सिक्युरिटी कोअर या दलाकडे असतो. त्यात प्रामुख्याने निवृत्त सैनिकांना पुन्हा भरती केले जाते. त्यामुळे ऐन तारुण्यात घातक तुकडीत गेलेला जवान उतारवयात पुन्हा गणवेश चढवून एखाद्या डेपोच्या कुंपणावर उभा असणे अशक्य नाही, आणि त्याच्या निवडीचा प्रवास तेथे, शाखा आणि विशेष कसब यांनंतरच्या, तिसऱ्या टप्प्यावर येतो.