कर्करोग : नाव घेण्याचा इतिहास

गाठीभोवती फुगलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. तोच खेकडा आपल्या ‘कर्करोगा’त आला. सुश्रुतसंहितेत अशा गाठीला ‘अर्बुद’ म्हटलंय, तिथे खेकडा नाही. २८ फेब्रुवारी १९४१ला मुंबईत परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. पुढे ‘टाटाला नेलंय’ एवढं कानावर आलं, की आपण आवाज खाली आणून विषयच बदलू लागलो. नाव टाळल्याने रोग टळत नाही, रोगी मात्र घरातच एकटा पडतो. उपचार संपले तरी थकवा उरतो, पुढच्या तपासणीची धास्ती उरते. ते त्याला बोलून दाखवता यावं, म्हणून आधी आपण नाव घ्यायला शिकलं पाहिजे.