तीनचाकी सायकल कार्यशाळा (कोल्हापूर)

दिव्यांग तरुणांनी दिव्यांगांसाठीच तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या अशी साधने बनवण्याचे व दुरुस्त करण्याचे ठिकाण. कोल्हापुरात हे काम ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने उभे केले. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली ही संस्था स्थापन झाली. ऐन उमेदीच्या वयात हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असूनही खंबीरपणे जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उभारी मिळाली. पुढे त्यांनी शिक्षण घेतले, अबकारी खात्यात नोकरी केली आणि आपल्यासारख्या इतरांसाठी काम सुरू केले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

कार्यशाळेच्या आधी वसतिगृहाचा विचार करावा लागतो. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहायची सोय हवी, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली. दिव्यांग मुलाच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. त्याला पायऱ्यांऐवजी उतार लागतो, खुर्ची आत जाईल एवढे रुंद दार लागते आणि आधाराच्या दांड्या बसवलेले स्वच्छतागृह लागते. कोल्हापूरजवळच्या उचगाव येथील ‘घरौंदा’ वसतिगृह या गरजेतून उभे राहिले. संस्थेने ‘समर्थ विद्यामंदिर’ ही शाळाही चालवली. तिथे दिव्यांग आणि इतर मुले एकाच वर्गात बसली.

शाळा मागे पडलेल्या तरुणाला मात्र हातात कसब हवे असते, आणि ते सायकलच्या कामात लवकर येते. हाताने चालवायच्या तीनचाकीत पायडलची जागा छातीसमोरचा दांडा घेतो. बाकी रिम, स्पोक, चेन, फ्रीव्हील, छर्रे हे सगळे बहुतेक साध्या सायकलचेच असते. चाकाचा आऊट काढणे हे त्यातले खरे कौशल्याचे काम. चाक कैचीत लावून फिरवायचे, रिम ज्या बाजूला झुकते तिथला स्पोक सैल करायचा, समोरचा ताणायचा, पुन्हा फिरवायचे. निपलला पाव फेरा जास्त बसला तरी रिम दुसरीकडे ओढली जाते. हे सारे काम बसून करता येते. नजर आणि बोटे तयार असली की पाय आड येत नाहीत.

वापरणाराच कारागीर असला की साधनही सुधारते, आणि या कार्यशाळेचे खरे मोल इथेच आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला अनेकदा कमरेखाली संवेदना नसते. खुर्चीची बैठक चुकली, कापड सैल पडले किंवा एखादी कड टोचत राहिली, तरी त्याला ते कळत नाही आणि दाबाच्या जखमा होतात. त्या चिघळल्या तर जिवावर बेततात. अशा खुर्चीत दिवस काढलेल्या कारागिराला बैठकीची रुंदी किती हवी, पाय ठेवायची पट्टी कुठे हवी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या कामाला गावही अनुकूल मिळाले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग आणि ओतकामाची दुकाने लागून लागून आहेत. शाळेचा दाखला नसलेली कित्येक मुले तिथे मेस्त्रीच्या हाताखाली शिकून कारागीर झाली. त्याही आधी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. पुढचा सारा किर्लोस्कर उद्योग तिथून वाढला.

जगातही असे प्रयत्न झाले. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेले अमेरिकी अभियंता राल्फ हॉचकिस १९८० मध्ये निकाराग्वात गेले. तिथे काही दिव्यांग तरुण एकच खुर्ची आळीपाळीने वापरत होते आणि तिची दुरुस्तीही स्वतःच करत होते. त्यांच्याबरोबर काम करून हॉचकिस यांनी स्थानिक सामानातून बनणाऱ्या दणकट खुर्चीचा आराखडा विकसित केला. सायकलदुरुस्तीतून मुलांना कसब देणाऱ्या बोस्टनच्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेचा जन्मही कोल्हापूरच्या संस्थेसारखा १९८४ चाच. तिच्या वर्गात मुले जुनी सायकल दुरुस्त करायला शिकतात आणि शेवटी ती सायकल त्यांचीच होते.

भारतात सरकारी पातळीवर कानपूरचे ‘अलिम्को’ (स्थापना १९७२) दिव्यांगांसाठीची साधने बनवते. १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून शिबिरे भरवून त्यांचे वाटप होते. वाटप झाले, फोटो निघाले, की सायकल गावी जाते. तिची चेन तुटली किंवा टायर फाटला की मालक पुन्हा घरात अडकतो. गावातला पंक्चरवाला ट्यूब जोडून देईल. वाकलेला सांगाडा आणि झिजलेली बैठक त्याच्या आवाक्याबाहेरची असते. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. वाटपाच्या खर्चातला थोडा हिस्सा राखून प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी एक कार्यशाळा काढावी आणि तिथली नोकरी त्याच तालुक्यातल्या दिव्यांग तरुणांना द्यावी.