लघु अणुभट्टीचा प्रश्न : तारापूरची साक्ष आणि उल्हास खोरे

अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याच्या चर्चेत 'लघु मॉड्युलर अणुभट्टी' ही संज्ञा अलीकडे वारंवार येऊ लागली आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वर्गीकरणानुसार जिची विद्युत्क्षमता ३०० मेगावॅटपर्यंत आहे ती लघु अणुभट्टी होय; आणि तिचे प्रमुख भाग कारखान्यात घडवून स्थळावर केवळ जोडावयाचे असले, म्हणजे ती मॉड्युलर ठरते. संज्ञा नवी असली तरी लहान अणुभट्टी महाराष्ट्राला नवी नाही. त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेल्या दोन्ही भट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या. आजच्या मोजमापाने त्या लघुच ठरतात. म्हणून लघु भट्टीचे भवितव्य काय व तिच्या उभारणीस काय काय लागते, याचा विचार करताना तारापूरच्या अर्धशतकाची साक्ष काढणे अगत्याचे आहे. भट्टी लहान केल्याने तिच्याभोवतीच्या गरजा त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, अशी ती साक्ष आहे.

१. तारापूर लहान का होते ?

तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही संशोधन-भट्टी कार्यान्वित झाली. त्यापूर्वीच डॉ. होमी भाभा यांनी असा युक्तिवाद मांडला होता की, जेथे कोळसा दूरच्या खाणींतून वाहून आणावा लागतो तेथे अणुवीज औष्णिक विजेशी स्पर्धा करू शकेल. बिहार-बंगालच्या खाणींपासून दूर असलेला पश्चिम किनारा या दृष्टीने अनुकूल होता. १९६० साली जागतिक निविदा मागविण्यात आल्या, ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत व अमेरिका यांच्यात करार झाला, आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उत्कलन-जल पद्धतीच्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या.

भट्टीचा हा आकार त्या काळच्या वीजजाळ्याला साजेसा होता. एखादे यंत्र अकस्मात बंद पडले तर उरलेल्या जाळ्याने तो धक्का सोसला पाहिजे. म्हणून जाळे जेवढे लहान, तेवढे त्यातील एकेक यंत्रही लहान ठेवावे लागते. पुढे जाळी विस्तारली तशा भट्ट्याही वाढल्या. तारापूरलाच २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आल्या, आणि त्यानंतरच्या स्वदेशी भट्ट्या ७०० मेगावॅटच्या झाल्या. मोठ्या भट्टीत प्रतिमेगावॅट भांडवली खर्च कमी पडतो, हे या वाढीमागील कारण. लघु भट्टीच्या पुरस्कर्त्यांना हेच गणित उलटवावयाचे आहे : आकाराने गमावलेली बचत एकाच नमुन्याच्या पुनरावृत्तीतून मिळवावी, असे त्यांचे म्हणणे.

२. इंधन, दुरुस्ती आणि माणसे

तारापूरच्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते पुरविण्याची हमी अमेरिकेने दिली होती. परंतु १९७४ च्या पोखरण येथील चाचणीनंतर आणि विशेषतः १९७८ च्या अमेरिकी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यानंतर तो पुरवठा खुंटला. १९८२ पासून फ्रान्स, पुढे चीन आणि नंतर रशिया असे पुरवठादार शोधावे लागले. वापरलेल्या इंधनाचे काय करावयाचे, हा प्रश्नही अमेरिकेशी वर्षानुवर्षे वादात राहिला, आणि ते इंधन तारापूरलाच साठत गेले. भट्टी लहान असूनही तिने देशाला मोठ्या परावलंबनात गुंतविले.

दुसरी बाब दुरुस्तीची. दुय्यम वाफ-उत्पादकांच्या नळ्यांत बिघाड झाल्यामुळे ते वेगळे काढून टाकावे लागले, आणि दोन्ही भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणावी लागली. तरीही त्या पुढे अनेक दशके चालल्या, याचे श्रेय तुर्भे व तारापूर येथील अभियंत्यांना दिले पाहिजे. किरणोत्सारी भागात काम करू शकणारा कुशल वर्ग जवळ नसता तर ही केंद्रे केव्हाच बंद पडली असती.

तिसरी बाब भूमीची व माणसांची. भारतातील जुन्या अणुकेंद्रांभोवती १.६ किलोमीटर त्रिज्येचे वर्जित क्षेत्र ठेवण्यात आले, जेथे वस्ती राहू शकत नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना उठावे लागले, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. विजेचा हिशेब मेगावॅटमध्ये मांडता येतो. उठलेल्या गावाचा हिशेब तसा मांडता येत नाही.

३. आजची योजना

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा अभियानासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली, आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी लघु भट्ट्या चालू करण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० व ५५ मेगावॅटच्या दोन नमुन्यांवर काम करीत असून त्यांच्या पहिल्या भट्ट्यांसाठी तारापूरचेच स्थळ पुढे आले आहे. याखेरीज २२० मेगावॅटच्या परिचित जडपाणी भट्टीचा सुधारलेला नमुना उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी देऊ करण्यात आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा संमत केला; त्यायोगे १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा दायित्व कायदा रद्द होऊन खाजगी उद्योगास या क्षेत्राचे दार उघडले.

या दोन मार्गांतील भेद महत्त्वाचा आहे. जडपाणी भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते, जडपाणी देशातच, रायगड जिल्ह्यातील थळ यांसारख्या ठिकाणी, तयार होते, आणि जड यंत्रभाग घडविण्याचा अनुभव पवई व वालचंदनगर येथील कारखान्यांपाशी आहे. उलट २०० मेगावॅटच्या नव्या नमुन्यास अल्प प्रमाणात का होईना, समृद्ध युरेनियम लागते. तेव्हा तारापूरचा जुना प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. खर्चाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. अमेरिकेतील न्यूस्केल कंपनीच्या पहिल्या प्रकल्पाच्या विजेचा अंदाजित दर प्रतिमेगावॅट-तास ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला. पुनरावृत्तीतून बचत व्हावयाची तर मागणीही पुनःपुन्हा यावी लागते. पाच भट्ट्यांनी, त्याही भिन्न नमुन्यांच्या, ती साधेल असे मानणे धाडसाचे होईल.

४. उल्हास खोऱ्याची कसोटी

उद्योगाच्या दारात भट्टी, ही कल्पना एखाद्या प्रत्यक्ष औद्योगिक पट्ट्यावर घासून पाहिली पाहिजे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा त्यासाठी योग्य आहे. येथे विजेचा इतिहास जुना आहे. खोऱ्याच्या वरच्या अंगास भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत्केंद्र १९२२ पासून उभे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी वीज देऊन खाली उल्हासला मिळते, आणि तीच नदी पुढे या शहरांची तहान भागविते. अंबरनाथचे रासायनिक कारखाने वीज व वाफ या दोहोंचे ग्राहक आहेत. कागदावर लघु भट्टीला याहून चांगले गिऱ्हाईक मिळणे कठीण.

तथापि २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लक्षांहून अधिक, अंबरनाथची सुमारे अडीच लक्ष व बदलापूरची पावणेदोन लक्ष होती. बदलापूरच्या पश्चिम भागातील हेंद्रेपाड्यासारखी वसाहत मध्यबिंदू धरून १.६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात सुमारे ८ चौरस किलोमीटर भूमी येते. दाट वस्तीच्या शहरात एवढी भूमी मोकळी करणे म्हणजे पोफरण-अक्करपट्टीची पुनरावृत्ती शहरी प्रमाणावर करणे होय. नव्या आराखड्यांतील सुरक्षा-योजनांमुळे ही त्रिज्या पुष्कळ घटविता येईल, असे पुरस्कर्ते म्हणतात. ते सिद्ध झाले तरी नदीचा प्रश्न उरतोच. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या महापुरांत उल्हासकाठचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. जी नदी पावसाळ्यात काठ सोडते आणि एरवी लाखोंना पिण्याचे पाणी देते, तिच्या तीरावर भट्टी बसविणे कोणत्याही आकारात समर्थनीय ठरणार नाही.

सारांश, लघु भट्टीला भवितव्य नाही असे तारापूर सांगत नाही. ते तिच्या अटी सांगते. इंधन स्वतःच्या हाती असावे, दुरुस्तीचे कौशल्य जवळ असावे, नियामक संस्था चालकापासून खऱ्या अर्थाने स्वतंत्र असावी, वापरलेल्या इंधनाची व्यवस्था आधी ठरलेली असावी, आणि ज्यांची भूमी जाते त्यांचा प्रश्न वीज सुरू होण्यापूर्वी सुटलेला असावा. तूर्त तरी या अटींच्या सर्वांत जवळ येणारी ठिकाणे म्हणजे विद्यमान अणुकेंद्रांच्याच सीमा होत. उल्हास खोऱ्याला अणुवीज मिळावयाची तर ती तारेतून यावी, हेच इष्ट. भिवपुरीपासून गेली शंभर वर्षे वीज दूरच्या गिरणीपर्यंत याच मार्गाने पोहोचली आहे.