अंगावरचं दूध फुकट नसतं

बाळाला दूध पाजण्याला मराठीत 'अंगावर पाजणं' म्हणतात. कर्ज अंगावर येतं, जबाबदारी अंगावर पडते, आणि दूधही अंगावरचंच असतं. ते आईच्या अंगातून जातं, हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे. स्तनदा मातांना सरकारनं द्यायच्या आहाराचा विषय निघाला, की शिकल्यासवरल्या माणसांना मात्र त्याचा विसर पडतो.

त्यांचं म्हणणं असं. आईचं दूध निसर्गानं दिलेलं, त्याला पैसा पडत नाही. आई अर्धपोटी असली तरी दूध येतं आणि ते चांगलंच असतं. तेव्हा पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजायला सांगावं, आणि काही द्यायचंच असेल तर पुढे बाळ खाऊ लागल्यावर बाळाला द्यावं. आईच्या नावानं दिलेलं घरात वाटलं जातं, नाहीतर गुरांपुढे पडतं. त्यापेक्षा रोख रक्कम द्यावी किंवा तिला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, गावासाठी मनापासून राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ते निष्ठुर नाहीत. त्यांच्या बाजूनं शास्त्रही आहे, म्हणून आधी ते शास्त्र जसंच्या तसं मान्य करायला हवं.

पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात दक्षिण भारतातल्या गरीब स्त्रियांच्या दुधाचा अभ्यास केला. अपुऱ्या आहारावर जगणाऱ्या या स्त्रिया महिनोन्‌महिने बाळांना पाजत होत्या, आणि त्यांच्या दुधातली प्रथिनं चांगल्या खाणाऱ्या स्त्रियांच्या दुधापेक्षा फारशी कमी नव्हती. पुढे आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा या खेड्यात स्तनदा मातांना बराच जास्तीचा आहार देऊन पाहिलं. त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले: दूध वाढलं नाही. आईला खायला घालण्याविरुद्ध याहून मोठा पुरावा शोधून सापडणार नाही.

पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. दूध वाढलं नाही, तरी त्या बायांच्या वजनात थोडी भर पडली होती. दिलेलं अन्न वाया गेलं नव्हतं, ते आईच्या अंगी लागलं होतं. तराजू फक्त बाळाखाली ठेवला म्हणून ते दिसलं नाही.

मग अर्धपोटी आईचं दूध उतरतं ते कशातून? आई दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत स्त्रीला रोज ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. गरोदरपणात हाच आकडा ३५० आहे. पोटातल्या बाळापेक्षा मांडीवरचं बाळ आईकडून जास्त घेतं. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली, तर ६०० किलोकॅलरी म्हणजे जवळपास पावणेदोन भाकऱ्या. सहा महिन्यांच्या तीनशेहून अधिक झाल्या. ज्या घरात या तीनशे भाकऱ्या नाहीत, तिथंही दूध थांबत नाही. दंडाची आणि मांडीची चरबी जाते, मग स्नायू झिजतात, हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरतं. दूध तोडल्यावर हाडं बऱ्याच अंशी भरून येतात, पण त्यासाठी अन्न लागतं आणि पुढचा गर्भ राहण्याआधी मोकळा काळ लागतो. या बाईला दोन्ही मिळत नाहीत. दूध टिकतं म्हणून आईला नको, असं म्हणणं म्हणजे तिच्या अंगातून झालेल्या वसुलीचाच पुरावा करून तिचा हक्क नाकारणं आहे.

शिवाय दूध सगळ्याच बाबतीत टिकत नाही. प्रथिनं, स्निग्धांश आणि साखर आई कशीबशी राखते. पण तिच्या शरीरात ब-१२, थायमिन, अ जीवनसत्त्व किंवा आयोडिन कमी असेल, तर ते दुधातही कमी उतरतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळावर दिवस काढणाऱ्या आयांच्या अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांना बेरीबेरी होऊन ती दगावत, हा दक्षिण भारताच्या वैद्यकाचा जुना अनुभव आहे.

लोकसंख्याशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी २०१५ साली एक तुलना मांडली. गर्भ राहण्याच्या वेळी भारतातल्या ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के. आकडे २००५-०६ च्या आसपासचे आहेत, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष मला विसरता येत नाही: भारतीय स्त्रीचं नऊ महिने भरतानाचं वजन आफ्रिकेतल्या स्त्रीच्या पहिल्या महिन्यातल्या वजनापेक्षाही कमी भरतं. एका बाळाला अंगावर पाजून झिजलेली बाई त्याच अंगानं पुढच्या बाळाला सामोरी जाते. म्हणून स्तनदा मातेचा आहार हा पुढच्या गर्भाचाही आहार असतो. 'बाळ खाऊ लागल्यावर बाळाला द्या' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हे पुढचं बाळ येतच नाही.

हे खरं तर मराठी घराला शिकवावं लागू नये. माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, तेव्हा आईनं सातव्या महिन्यापासूनच डिंक, खारीक आणि अळीव जमवायला घेतलं होतं. सव्वा महिना बहिणीला सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी भाकरीवर तूप आणि शेपूची भाजी, संध्याकाळी अळिवाची खीर. तो लाडू घरातल्या दुसऱ्या कुणी उचलायचा नाही, हा दंडक होता, आणि माझ्या भावानं एकदा तो मोडल्यावर आई त्याच्यावर खरोखर रागावली होती. 'दूध तर येतंच आहे, मग लाडू कशाला?' असं कुणी विचारलं नाही. बाळंतिणीचा खुराक हा तिचा मान आहे, असंच आपण मानत आलो. ज्या बाईचं माहेर स्वतःच भाताच्या पेजेवर आहे, तिच्यासाठी हा खुराक सरकारनं करायचा ठरवला, की तोच खुराक 'फुकट वाटप' ठरतो. हे मला मान्य नाही.

आणि ही सरकारची मेहेरबानीही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानं गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार हा स्त्रीचा हक्क ठरवला. सरकार दुसऱ्या तोंडानं तिला सांगतं, की सहा महिने बाळाला पाण्याचा थेंबही देऊ नकोस. बाळदुधाच्या डब्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. दोन्ही अगदी योग्य. पण बाळाचं सगळं अन्न एका बाईच्या अंगातून यावं असा नियम घातला, तर त्या अंगाचं अन्न पुरवण्याची जबाबदारी त्याच नियमाबरोबर येते.

असा आहार दिल्यानं काही होतं का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात आहे. १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ खेड्यांचे दोन गट पडले. १५ खेड्यांत गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना एकात्मिक बालविकास योजनेचा पूरक आहार मिळत होता, १४ खेड्यांत योजना अजून पोचायची होती. ती मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार मिळालेल्या खेड्यांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, आणि त्यांच्यात पुढे मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनचा अवरोधही कमी होता. १४ मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत. पण ज्या योजनेची नेहमी 'खिचडीवाली योजना' म्हणून संभावना होते, तिची खूण पंधरा वर्षांनंतरही मुलांच्या हाडांत मोजता आली.

आता गुरांपुढे पडणारी पाकिटं. ती पडतात, हे खरं आहे. शिऱ्याचं, उपम्याचं, सुखडीचं कोरडं पीठ घरपोच आहार म्हणून मिळतं. चव बाईला आवडत नाही, वास येतो, पोरं तोंड फिरवतात, आणि शेवटी ते शेळीला जातं. यावरून आहारच नको असा निष्कर्ष काढणारे एक प्रश्न टाळतात: हे पाकीट आलं कुठून? अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत, गावातल्या बचत गटांनी आणि महिला मंडळांनी धान्य घेऊन शिजवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ ला दिला होता. महाराष्ट्रात मात्र महिला मंडळांच्या नावाआड खासगी कंपन्याच पुरवठा करतात, असं न्यायालयानं नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयानं २०१२ साली दाखवून दिलं. २०१९ साली बचत गटांनी नेलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयानं मोठ्या पुरवठादारांना झुकतं माप देणाऱ्या राज्याच्या निविदा रद्द केल्या. शेळीनं खाल्लेलं पाकीट हा बाईच्या अडाणीपणाचा पुरावा नाही. जे तिच्या चुलीवर शिजलं असतं, ते कारखान्यात दळलं गेलं, याचा तो पुरावा आहे.

वाटून खाल्ल्याचा आक्षेपही मला पटत नाही. चार पोरं पुढ्यात बसलेली असताना एकटीनं खाणारी आई शोधून सापडणार नाही, आणि सापडू नये. ताट वाटलं जातं तेव्हा ते ताट लहान आहे एवढंच सिद्ध होतं. या आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर गरोदर आणि स्तनदा मातेमागे दिवसाला साडेनऊ रुपये होता, आणि त्यात ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिनं बसवायची. त्या पैशात एक अंडं घेतलं की डाळीला काय उरतं, हे कुठल्याही बाजारात विचारावं.

रोख रकमेबद्दल फार बोलायला नको. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या जिवंत अपत्यासाठी पाच हजार मिळतात, आणि २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी झाल्यास सहा हजार. मुलगा झाल्यास नाही, आणि तिसऱ्या खेपेला कुणालाच नाही. तिसऱ्या बाळाला पाजतानाही अंग तेवढंच झिजतं. शिवाय पैसा घराचा होतो, कर्जाला जातो, औषधाला जातो. पैसा द्यावा, जरूर द्यावा. तो शिजलेल्या ताटाच्या जागी देऊ नये.

शिजलेलं ताट शक्य आहे, हे महाराष्ट्रानं स्वतःच दाखवलं आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ च्या अखेरीस राज्याच्या आदिवासी भागांत सुरू झाली. अंगणवाडीतच दुपारी भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. गावातल्याच बायका शिजवतात आणि बाई तिथंच बसून गरम जेवते. तिच्या ताटात सासू, नवरा, दीर येत नाहीत. लहानगं आलं तर एखादा घास त्याला. आपल्या आयांनी डिंकाच्या लाडवाला घातलेला दंडकच इथं सरकारी कागदावर उतरला आहे.

या योजनेचे दोष मी लपवणार नाही. आहार समितीच्या खात्यात पैसे उशिरा येतात, तेव्हा अंगणवाडी सेविका दुकानदाराच्या उधारीवर चूल पेटवते. भाताच्या लावणीत बाई चिखलात वाकलेली असते, आणि दुपारी मैलभर चालून जेवायला येणं म्हणजे तिचा अर्धा रोज बुडणं. ते ताट शेताच्या बांधावर न्यायला हवं. आणि सगळ्यात अवघड दिवाळीनंतर. जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा तान्हं बाळ घेऊन बाईही जाते. पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये तिची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीत हलवता येते, पण भट्टीजवळ अंगणवाडी असेलच असं नाही, आणि असली तरी चिखल तुडवणं सोडून तिथं जाऊ देणारा मालक हवा. म्हणजे ज्या महिन्यांत तिचं अंग सगळ्यात जास्त कष्ट उपसतं आणि बाळही त्याच अंगावर असतं, नेमक्या त्याच महिन्यांत तिचं ताट गावाकडच्या हजेरीत रिकामं पडलेलं असतं. या योजनेवर टीका करायचीच असेल, तर ती भट्टीवर उभं राहून करावी: तिथं चूल मांडायची कुणी, आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत तिथं शिजवायचं कुणी?