मूल आणि अंगण

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली बालपणाच्या अवस्था मांडल्या. शाळेच्या वयात मुलात उद्यमशीलता तरी रुजते, नाही तर न्यूनगंड. हे वाचताना मला मेहकर तालुक्यातली माझी शाळा आठवली. पाढे मला तोंडपाठ होते. पण माझी पाटी मास्तर दुरूनच तपासत. तो न्यूनगंड माझ्या वाढीतून उपजला नव्हता, गावाने तो माझ्या पदरात घातला होता.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलटे पाऊल टाकले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने योजनेसाठी हा शब्द उचलला. बुलढाणा जिल्ह्यातही अंगणवाड्या झाल्या. गावात गेलो की मी आधी विचारतो, ही भरते कोणाच्या अंगणात?